तुर्शी एफेंदींच्या कोटाची अखेरची व्यवस्था

देवाचं नाव घेऊन, आणि चहाचा पेला शेजारी ठेवून, लिहायला बसले आहे.

मी, मातिल्दा शनूदा बिबावी, दिवंगत लबीब गिरगिस यांची पत्नी, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार शुब्रा, कैरो, असे लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, कोणाच्याही धाकाशिवाय आणि स्वतःच्या हस्ताक्षरात करीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी परवाच तपासून तसा दाखला दिला. आमच्या गल्लीत याविषयी दुमत आहे हे मला ठाऊक आहे, पण गल्लीचं मत कोणी मागितलेलं नाही. यापूर्वी मी एकदा रागाच्या भरात मृत्युपत्र करून सर्व काही मांजरीच्या नावे केले होते. मांजर माझ्या आधी गेली. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

ज्या गोष्टीवर सगळे टपून बसले आहेत ती, म्हणजे जुन्या सिनेमातले विनोदी नट तुर्शी एफेंदी यांचा कोट कोणाला, ती मी शेवटच्या कलमात लिहिणार आहे. पानं उलटून आधी शेवट वाचणाऱ्याला दमडीही मिळणार नाही असं घालायचं मनात होतं. आमचे वकील उस्ताद फहीम म्हणाले, तसं कायद्यात बसत नाही. कायद्यात बऱ्याच चांगल्या गोष्टी बसत नाहीत.

आणखी एक. आज सकाळी उस्ताद रुश्दी मनस्तरली, चष्म्यांचे दुकानदार आणि जुन्या सिनेमाच्या वस्तू जमवणाऱ्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष, इस्त्रीचा सूट घालून या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला आले होते. बोलावलं कोणी नव्हतं. मी त्यांना सही करू दिली नाही, आणि का ते सांगितलंही नाही. अर्धी कॉफी टाकून उठले. बसबूसाच्या गोड वडीला हातसुद्धा लावला नाही, म्हणजे राग खरा होता. याचा खुलासा पुढे येईल.

कलम पहिले. माझे राहते घर, बाल्कनीसह, माझ्या दिवंगत भावाचा मुलगा सामेह याला मिळावे. मी लिहिलं नसतं तरी त्यालाच मिळालं असतं. आमच्याकडे मृत्युपत्र करणाऱ्याची मर्जी मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतीच चालते, बाकीचं कायदा वारसांना देतो. पण आत्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं म्हटल्यावर त्याला बरं वाटेल. सामेहचं चौकात औषधांचं दुकान आहे. पोरगा गुणी, हातालाही गुण आहे, फक्त जुन्या वस्तूचं त्याला जन्मापासून वावडं. खालून भंगार घेणारा गाढवगाडीवाला “बिक्या, रोबाबिक्या” करत गेला की हा इतकासा असताना बाल्कनीतून हाका मारायचा, “या, वर या, आमच्याकडे पुष्कळ आहे!” मी कॉलर धरून आत ओढायची. मोठा झाला तरी दर सणाला एकच प्रश्न, “आत्या, ही रद्दी कधी जाणार?” तर बाळा, ही रद्दी आता जाते आहे. तुला भिंती मिळतील. त्यांच्यावरचे खिळे मात्र उपटू नकोस.

कलम दुसरे. फ्रिज, शेगडी आणि बाल्कनीतून भाजी वर घ्यायची दोरीची टोपली या वस्तूंचा या कागदात उल्लेख नाही, कारण त्या मी कालच आमचे दरवान शाज़लीकाका यांच्या हवाली केल्या. मरायच्या आधी का दिल्या, याचं उत्तर वकिलांकडे आहे.

कलम तिसरे. मोडकी खुर्ची. ही खुर्ची दिसायला धड आहे, पण सिनेमासाठी खास बनवलेली असल्याने तिच्यावर बसताक्षणी तिचे मागचे दोन पाय निघतात व बसणारा उताणा पडतो. ही खुर्ची मी तिसऱ्या मजल्यावरील इंजिनियर वहबी यांना देते. लबीबने जिन्यात जाहिरातींचे फलक ठेवले म्हणून यांनी आमच्याविरुद्ध सगळ्या इमारतीच्या सह्या गोळा केल्या होत्या. खुर्ची त्यांना पाहुण्यांसमोर, मानाने द्यावी. जास्त काही सांगत बसू नये.

कलम चौथे. संग्रह. माझ्या दिवंगत पतींनी आयुष्यभर जमवलेल्या, विनोदी सिनेमातल्या धडपडणाऱ्या नटांच्या सर्व वस्तू, म्हणजे दगडी छापाचे फलक, फोटो, तिकिटं, डोक्यावर घालायचे चार तरबूश (एक चेपलेला, तो मुद्दामच चेपलेला आहे, नीट करू नये), होडीएवढे बूट, आणि परदेशी जाड्या-बारक्या जोडगोळीची चावीची खेळणी, हे सारे मंडळाला मिळावे. अट एकच. जिथे मांडाल तिथे ‘लबीब गिरगिस यांनी जपलेलं’ असं ठळक लिहायचं.

लबीब तारखात्यात होता. दिवसभर लोकांच्या मरणाच्या तारा पाठवायचा आणि शुक्रवारी पुलाखालच्या जुन्या बाजारात जाऊन हसवणाऱ्यांच्या वस्तू शोधायचा. मोठ्या नायकांचे फोटो फुकट मिळाले तरी घरी आणायचा नाही. म्हणायचा, “जो माणूस आपल्यासाठी एवढ्या वेळा पडला, त्याचा बूट तरी आपण जपायला नको?” मूल आम्हाला झालं नाही. घर मात्र भरलेलं होतं, हे मी अभिमानाने लिहिते. पाहुणा आला की आधी बुटांना जागा, मग पाहुण्याला.

कलम पाचवे. आता कोट. या कलमात काही द्यायचं-घ्यायचं नाही, पण हे वाचल्याशिवाय शेवटचं कलम कळणार नाही. वकील म्हणाले, मृत्युपत्रात हकिगत नको. मी म्हटलं, उस्ताद, मग माझ्याकडे द्यायला उरतं काय?

तुर्शी एफेंदी पडद्यावर आले की आमच्या पिढीला दम लागेपर्यंत हसू यायचं. पिंपासारखा देह, बदकाची चाल, मोठमोठ्या चौकटींचा कोट आणि छातीवर कागदी फूल. फुलाचा वास घ्यायला कोणी वाकला की फुलातून पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर. त्यांच्या शेवटच्या सिनेमात लग्नाच्या मांडवात चुन्याची बादली अंगावर उपडी होते आणि ते तसेच, पांढरेफटक, नवरीशेजारी जाऊन बसतात. स्टुडिओ बंद पडला, सामान विखुरलं, आणि तो कोट कुठे गेला ते कोणालाच कळलं नाही.

मग एका सकाळी लबीब खाली गाढवगाडीवाल्याकडे गेला आणि कोट घेऊन वर आला. चौकटींचा, पत्र्यासारखा कडक, चुन्याने थापलेला. लबीबचा चेहरा असा की जणू चर्चमध्ये दर्शन झालं. गाडीवाल्याला पैसे नको होते. त्याच्या मुलाचं लग्न ठरलेलं, त्याला सूट हवा होता. तेव्हा माझ्या नवऱ्याने आमच्या लग्नातला स्वतःचा सूट त्याला देऊन टाकला. त्या दिवशी मी लबीबशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले, ते त्याला जास्त महागात पडलं.

गुरुवारी कोट मंडळात नेला. रोद अल-फरगच्या एका कहवाखान्यात दर गुरुवारी मंडळ बसतं, आणि नवी वस्तू आली की अध्यक्षांनी दिव्याखाली धरून निकाल द्यायचा, अशी रीत आहे. उस्ताद रुश्दींनी चष्मा कपाळावर चढवला, चुन्यावर नखाने टकटक केलं, छातीवरची पट्टी चाचपली आणि विचारलं, “नळी कुठे आहे? तुर्शी एफेंदींच्या फुलात पाणी काय आभाळातून यायचं?” लबीब म्हणाला, चुन्याखाली असेल. रुश्दी म्हणाले, मग धुऊन दाखवा. लबीबने कोट परत जवळ ओढला. तो कोट धुणार नव्हता. त्या मांडवातला चुना त्यावर होता, आणि तो धुतला तर तुर्शी एफेंदींचं उरलं काय, असं त्याचं म्हणणं. शेवटी रुश्दींनी निकाल दिला की हा कोट कोण्या रंगाऱ्याचा आहे. सगळे हसले. आयुष्यभर हसू जमवणारी माणसं, आणि हसायला त्यांना माझा नवराच सापडला.

त्या दिवसापासून लबीबचं नाव पडलं रंगारी. त्याने गुरुवार सोडला. संध्याकाळी बाल्कनीत बसायचा, कोट समोरच्या खुर्चीवर. सिद्ध करायला एक बादली पाणी पुरलं असतं, पण त्याने ते केलं नाही. खरा संग्राहक होता माझा नवरा. वस्तू वाचावी म्हणून त्याने स्वतःची शोभा करून घेतली, आणि मला त्याचा जेवढा राग यायचा तेवढंच त्याच्यावर प्रेमही यायचं. तो गेला तेव्हाही मंडळाच्या लेखी रंगारीच होता. त्याला मातीत ठेवताना अंगावर सामेहचा सूट होता. खांद्यात सैल होत होता.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या आदल्या दिवशी मी घर आवरायला काढलं तर मुंग्यांची रांग. कुठे जाते म्हणून पाहिलं, तर कोटात. माझं डोकं फिरलं. मेलेल्या माणसाचा राग आला तर तो काढायचा कोणावर? मी कोट उचलला आणि न्हाणीघरातल्या टबात बुडवला. बुडवताना म्हटलं, लबीब, बघ, धुतला. धुताना मी ढसाढसा रडले, आणि कायदेशीर कागदावर हे लिहायला मला काही वाटत नाही.

पाणी पांढरं झालं, मग चिकट झालं, आणि माझ्या लक्षात आलं की ही खळ आहे. सिनेमातला चुना तो, मैद्याचा! मुंग्या उगीच आल्या नव्हत्या. ती खळ मी वाळवून बरणीत भरून ठेवली आहे. बरणीही मंडळाला द्यावी, ‘चुना’ असं लिहून. तर कोट पिळताना खिशाच्या कोपऱ्यात बोटाला धातू लागला. करंगळीहून बारीक तांब्याची नळी, खिशापासून अस्तरातून छातीवरच्या काजापर्यंत गेलेली, टाक्यांनी पक्की. तोंडाशी खळ बसून बुजली होती. नळी कुठे उघडते ते बघायला मी काज डोळ्यासमोर धरलं आणि खिशाकडच्या टोकातून जोरात फुंकलं.

चिळकांडी थेट माझ्या डोळ्यात.

मी त्या ओल्या फरशीवर बसून हसले. लबीब गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि इतकी हसले की शेजारीण दार ठोठावायला लागली. तिला वाटलं मला वेड लागलं. दुमत म्हणाले ना, ते तेव्हापासूनचं आहे.

कोट वाळल्यावर सामेहच्या दुकानात गेले आणि तान्ह्या बाळांचं नाक साफ करायचा रबरी फुगा मागितला. म्हणाला, “आत्या, तुझं नाक चोंदलंय का?” मी म्हटलं, “माझं नाही रे, तुर्शी एफेंदींचं चोंदलं होतं. आत्ताच मोकळं झालं.” फुगा नळीच्या टोकाला असा बसला की जणू मापानेच आणला होता. तेव्हा सामेह, ज्या रद्दीला तू जन्मभर नावं ठेवलीस तिच्यातली सगळ्यात मोलाची वस्तू तुझ्या दुकानातल्या फुग्यावर चालते, हे ध्यानात ठेव.

मग आला मंडळाचा वार्षिक दिवस. मी काळ्या कपड्यांवर तो कोट चढवला, छातीवर नवं कागदी फूल लावलं, फुगा भरून खिशात ठेवला, आणि शुब्राच्या भर रस्त्यातून चालत गेले. पोरं मागे लागली. लागू देत. तुर्शी एफेंदींच्याही मागे लागायची. कहवाखान्यात शिरले तशा सगळ्यांच्या माना वळल्या. उस्ताद रुश्दी उठले, कोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, “मादाम, हे काय केलंत? खोटा होता, पण निदान मळका तरी होता!” हशा झाला. त्या हशाचीच मी वाट बघत होते.

मी म्हटलं, “उस्ताद, रीतीप्रमाणे तपासा. वाकून बघा, नळी दिसते का?”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. दिवा जवळ ओढला. वाकले, आणखी वाकले, नाक जवळजवळ फुलात घातलं. मी खिशात हात घातला आणि लबीबचं इतक्या वर्षांचं मौन त्या फुग्यावर दाबलं.

पाणी कपाळावर, चष्म्यावर, मिशीवर. रुश्दी सरळ झाले. हनुवटीवरून पाणी गळत होतं, पण त्यांनी रुमाल काढला नाही. मला वाटलं, आता हा माणूस मला हाकलून देणार. त्यांनी चष्मा उतरवून टेबलावर ठेवला, माझ्यासमोर पुन्हा वाकले आणि अगदी हळू म्हणाले,

“पुन्हा.”

मी पुन्हा दाबला. ते हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले. म्हणाले, लहानपणी पहिल्या रांगेत बसून सिनेमा बघताना दर वेळी वाटायचं की आता पाणी आपल्यापर्यंत येईल. कधी आलं नाही. मग ते मंडळाकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, “लबीब खरे होते. आपण सगळे गाढव. आणि मी अध्यक्ष गाढव.” टाळ्या मला नवीन नव्हत्या, शाळेत पुष्कळ ऐकल्या. पण त्या टाळ्या लबीबच्या होत्या. त्यानंतर फुलाचा वास घ्यायला जी रांग लागली ती थेट रस्त्यापर्यंत. वेटर पाण्याचे पेले आणून आणून थकला, शेवटी तोही रांगेत उभा राहिला.

घरी येऊन मी कोट बाल्कनीतल्या खुर्चीवर ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, लबीब, तुला वाटायचं चुना म्हणजे तुर्शी एफेंदी. तसं नाही रे. पाणी म्हणजे तुर्शी एफेंदी. चुकलास तेवढंच, बाकी तू जिंकलास.

कलम सहावे. माझा अंत्यविधी आमच्या चर्चच्या रीतीने व्हावा. मला लबीबच्या शेजारी ठेवावे. माझ्या चाळिसाव्याला जेवणात कंजुषी करू नये, आणि त्या दिवशी कोट ज्याच्या मालकीचा झाला असेल त्याने तो घालून दाराशी उभे राहावे. ‘बिचारीने चिंध्या जपण्यात जन्म घालवला’ असं कोणी म्हणालं, तर त्याला प्रेमाने फुलाचा वास घ्यायला बोलवावे.

कलम सातवे आणि शेवटचे. तुर्शी एफेंदींचा कोट, तांब्याच्या नळीसह, चालू स्थितीत, मी उस्ताद रुश्दी मनस्तरली यांना देते.

होय, त्यांनाच. सामेहला दिला असता तर त्याने धुलाईला टाकला असता. मंडळाला दिला असता तर काचेच्या कपाटात गेला असता, आणि काचेतल्या फुलाचा वास कोण घेणार? रुश्दींनी माझ्या नवऱ्याला छळलं हे मी विसरलेले नाही, आणि हा कागद जोवर टिकेल तोवर कोणी विसरूही नये. पण तोंडावर पाणी उडाल्यावर ‘पुन्हा’ म्हणणारा माणूस मला त्यांच्याखेरीज दुसरा भेटला नाही. लबीब असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं. ते दोघे एकाच पहिल्या रांगेतले होते, मध्ये फक्त एक नळी बुजली होती.

अटी अशा. कोट काचेत ठेवायचा नाही. दर वार्षिक दिवशी रुश्दींनी तो स्वतः अंगावर घालायचा. पोटावर बटण लागत नसेल तर जेवण कमी करावं, कोट उसवू नये. आधी ‘लबीब खरे होते’ हे वाक्य उभं राहून म्हणायचं, मग मंडळात नव्याने आलेल्या माणसाला वास घ्यायला बोलवायचं. यातली एकही अट मोडली तर कोट गल्लीत पहिला जो गाढवगाडीवाला येईल त्याला द्यावा. त्याच्याकडून आला होता, तो त्याचं मोल जाणतो.

आता सकाळचा खुलासा. ज्याच्या पदरात काही पडायचं आहे त्याची साक्ष घेऊ नये, असं उस्ताद फहीम यांनी बजावलं आहे. म्हणूनच शाज़लीकाकांना द्यायचा फ्रिज कालच खाली गेला. आणि म्हणूनच आज रुश्दींच्या हातात मी पेन दिलं नाही. ते घरी बसून असं समजत असतील की मातिल्दाने शेवटपर्यंत आपल्याला माफ केलं नाही. समजू देत. माझ्या हयातीत त्यांना हे कोणी सांगायचं नाही. लबीबने जेवढी वर्षं काढली तेवढी नाही, पण थोडे दिवस त्यांनीही काढावेत.

मी गेल्यावर हा कागद त्यांच्यासमोर वाचावा. वाचून होईपर्यंत ते डोळे पुसत असतील, मी त्यांना ओळखते. तेव्हा सामेहने कोट घालून त्यांच्यापुढे उभे राहावे आणि म्हणावे, “उस्ताद, आत्याने फुलात तुमच्यासाठी काहीतरी लिहून ठेवलं आहे, वाकून बघा.” फुगा आधी भरून ठेवावा. दाबायचा मान सामेहचा.

हे सर्व माझे आहे, माझ्या समजुतीने लिहिले आहे, व वाचून पाहून खाली सही केली आहे.

सही: मातिल्दा शनूदा बिबावी

साक्षीदार:
१. उस्ताद फहीम बस्सिली, वकील. (कलम तिसऱ्याला त्यांचा आक्षेप आहे, सहीला नाही.)
२. शाज़ली अब्दुलमौला, दरवान. (सही करताना हसत होते, त्यामुळे अक्षर थोडे हलले आहे. सही त्यांचीच आहे.)

ठिकाण: शुब्रा, कैरो
दिनांक: १७ ऑक्टोबर २००९